एरी सरोवराकाठचा एक हिवाळा

परदेशी जाऊन आलेल्या माणसाला आपल्याकडे पहिला प्रश्न ठरलेला असतो, "काय काय पाहिलंत?" मी अमेरिकेहून परत आले तेव्हा आमच्या वसाहतीतल्या बायकांनीही हेच विचारले. नायगाराचा धबधबा मी पाहिला होता आणि तो पाहण्यासारखाच आहे. पण माझ्या तोंडून पहिल्यांदा निघाले ते "बर्फ पाहिला" एवढेच. त्यावर एक जण म्हणाली, "अहो बाई, बर्फ तर आपल्या फ्रीजमध्येही असतो!" सगळ्या हसल्या, मीही हसले. पण त्या बर्फाची गोष्ट एका वाक्यात सांगण्यासारखी नव्हती. आता काही वर्षे लोटली आहेत, मन निवळले आहे. म्हणून ती हकीकत आपल्या वाचक बंधुभगिनींसाठी लिहून काढीत आहे.

मी गेले होते ती हौसेने नव्हे, तर लेकीच्या बाळंतपणासाठी. लेक आणि जावई दोघांनीही कर्ज काढून तिकडे शिक्षण घेतले. जावयांना बफेलो या शहरातल्या एका रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत नोकरी लागली. बफेलो न्यूयॉर्क राज्यातच आहे, पण न्यूयॉर्क शहरापासून फार लांब, पार कॅनडाच्या सीमेवर. ऑक्टोबर २०२२ मध्ये मी तिथे पोचले. बॅगेत डिंक, खारीक, बाळंतशेपा आणि माझ्या जुन्या लुगड्यांची शिवलेली एक गोधडी होती. त्या गोधडीने निम्मी बॅग खाल्ली होती. निघताना शेजारीण म्हणाली, "अमेरिकेत गोधडी कशाला नेता? तिथे अख्खे घरच गरम असते." तिचे म्हणणे खरे होते. पण बाळाला आजीच्या हातची गोधडी असावी, म्हणून मी ती नेलीच.

सरोवर की समुद्र?

पहिल्याच रविवारी मुलांनी मला एरी सरोवर दाखवायला नेले. सरोवर म्हणजे आपल्या पवईसारखे काही असेल असे मला वाटले होते. समोर पाहते तो लाटा, दीपगृह, आणि पलीकडचा किनारा कुठेच नाही! मुंबईत जन्म गेलेल्या माझ्यासारखीला तो समुद्रच वाटला. पाणी जिभेला लावले तेव्हा खात्री पटली, गोडे पाणी. अमेरिका आणि कॅनडाच्या सरहद्दीवर अशी पाच प्रचंड सरोवरे आहेत. एरी त्यातले सर्वांत उथळ. त्याची सरासरी खोली १९ मीटरच आहे, पण लांबी ३८८ किलोमीटर. म्हणजे मुंबईहून रत्नागिरीला जाऊनही वर अंतर उरेल. हे सरोवर नैर्ऋत्येकडून ईशान्येकडे लांबोडके पसरले आहे, आणि त्याच्या अगदी पूर्व टोकाला बफेलो शहर वसले आहे. ही गोष्ट वाचकांनी लक्षात ठेवावी, कारण पुढची सगळी कथा तिच्यावरच उभी आहे.

हे शहर एके काळी फार श्रीमंत होते. १८२५ साली एरी कालवा पुरा झाला आणि देशाच्या आतल्या भागातले धान्य बफेलोमार्गे न्यूयॉर्ककडे जाऊ लागले. पुढे पोलादाचे कारखाने आले. शेजारच्या लॅकवाना गावातल्या पोलाद कारखान्यात हजारो कामगार राबत. तो कारखाना १९८३ साली बहुतांशी बंद झाला. मी गिरणगावात वाढले आहे. आमच्याकडे १९८२ चा संप झाला आणि घराघरातली चूल थंडावली. त्यामुळे लेक मला तिथली ओसाड कारखान्याची आवारे दाखवू लागली तेव्हा मला काही नवीन वाटले नाही. १९५० साली या शहरात पावणेसहा लाखांवर वस्ती होती. २०२० च्या जनगणनेत ती पावणेतीन लाखांच्या आसपास उरली.

शहराच्या मधून मेन स्ट्रीट नावाचा रस्ता जातो. त्याच्या पूर्वेला मुख्यतः काळ्या लोकांची वस्ती, पश्चिमेला बरीचशी गोऱ्यांची. कुठे पाटी लावलेली नाही, कुंपण नाही. पण रस्ता ओलांडला की घरांचा रंग, दुकाने, पायवाटा, सगळे बदलते. आपल्या गावात वेस कुठे संपते हे जसे न सांगता कळते, तसेच. आमची मुले पूर्वेकडे राहत होती, कारण तिथले भाडे परवडत होते. त्या भागात अलीकडे बरीच बांगलादेशी कुटुंबेही आली आहेत.

तिथली जुनी घरे लाकडी आणि दुमजली असतात. खाली एक बिऱ्हाड, वर एक. आम्ही वर होतो. खाली सत्तरी ओलांडलेली एक काळी बाई एकटीच राहत होती. तिने सारी उमेद रुग्णालयाच्या स्वयंपाकघरात घालवलेली. लेक तिला मावशी म्हणे. त्या शब्दाचा अर्थ आईची बहीण असा आहे हे तिला सांगितले होते, तेव्हापासून तिला तो फार आवडला होता. माझे इंग्रजी मोडकेतोडके, तिचे बोलणे भराभरा. पण दोन म्हाताऱ्या बायकांचे जिन्यात बसून कसे जमते ते मी तुम्हांला सांगायला नको.

बर्फ येतो कुठून?

१२ नोव्हेंबरला नातू झाला. दोन दिवसांनी बाळ-बाळंतीण घरी आले, आणि त्याच आठवड्यात पहिला मोठा बर्फ पडला. १७ तारखेला सुरू झालेले ते वादळ २० पर्यंत चालले. आमच्या गल्लीत गुडघाभर बर्फ साचला. मी घाबरले तेव्हा मावशी म्हणाली, "हा काही बर्फ नव्हे. दक्षिणेकडे काय झाले ते पाहा." पंधरा-वीस किलोमीटरवरच्या ऑर्चर्ड पार्क या उपनगरात त्या चार दिवसांत सुमारे ८० इंच बर्फ पडला. ८० इंच म्हणजे उभा पुरुष गाडला जाईल इतका! आणि शहराच्या उत्तरेकडच्या वस्त्यांत मात्र त्या मानाने फारच थोडा. एकाच आकाशाखाली असे कसे?

जावयांनी मला ते समजावून सांगितले. उन्हाळ्यात तापलेले सरोवर हळूहळू निवते. नोव्हेंबरात हवा गोठायला लागली तरी पाणी अजून दहा अंशांच्या आसपास असते. थंडीच्या सकाळी बंबातले पाणी बादलीत ओतले की त्याच्यावर वाफ कशी उठते! तसेच इथे होते, फक्त बादली ३८८ किलोमीटरची असते. उत्तरेकडची कोरडी, बोचरी हवा त्या पाण्यावरून सरकताना ऊब आणि ओल उचलते, हलकी होऊन वर चढते आणि तिचे ढग होतात. वारा जर सरोवराच्या लांबीवरून वाहत असेल तर हे ढग एका ओळीत लागतात, एक लांबच लांब पट्टा तयार होतो. किनारा लागला की तो पट्टा आपले सारे ओझे खाली टाकतो. पट्टा रुंदीला थोडकाच. म्हणून त्याच्याखाली सापडलेले गाव गाडले जाते आणि बाजूच्या गावात ऊन पडलेले असते. वाऱ्याने जरा दिशा बदलली की पट्टाही सरकतो. या तऱ्हेच्या बर्फाला तिकडे 'सरोवराचा बर्फ' म्हणतात. पुढे सरोवर गोठले की वाफ बंद, आणि हा बर्फही जवळपास बंद.

तिथल्या लोकांना या सगळ्याची सवय असते. वर्षाला सरासरी आठ फूट बर्फ पडणारे ते शहर! दाराशी फावडे आणि मिठाची पिशवी ठेवलेली असते. घरापुढची पायवाट घरवाल्यानेच साफ करायची, असा नियम आहे. मोठ्या रस्त्यांवर पुढे पाते लावलेल्या नगरपालिकेच्या गाड्या फिरतात, बर्फ बाजूला लोटतात आणि मागून मीठ टाकतात. मिठाने बर्फ वितळतो. मीही फावडे घेऊन पायऱ्या साफ करू लागले. समोरच्या घरातला बांगलादेशी तरुण मला पाहून हिंदीत ओरडला, "आंटी, कमर से नहीं, घुटने से उठाओ!" पाठ वाचली ती त्याच्यामुळे.

तेवीस डिसेंबर

मोठे वादळ येणार हे हवामान खात्याने तीन-चार दिवस आधीपासून सांगितले होते. पण नाताळचा आठवडा, शुक्रवार, पगाराचा दिवस. रोजंदारीवर पोट असणाऱ्याने कामावर जायचे नाही तर काय करायचे? २३ डिसेंबरला पहाटे बाहेर बर्फ नव्हता, नुसता पाऊस होता. जावई सहाला कामावर गेले. रस्त्यावर वाहने नेण्यास बंदीचा हुकूम निघाला तो सकाळी साडेनऊपासून. तोवर माणसे आपापल्या कामावर पोचलेली होती, काही वाटेत होती.

त्यानंतर जे सुरू झाले त्याला मी काय म्हणू? खिडकीबाहेरचे झाड दिसेनासे झाले. मग कठडा दिसेनासा झाला. काचेवर कोणी पांढरा कागद चिकटवावा तसे झाले. वाऱ्याचे झोत ताशी ११० किलोमीटरच्याही वर गेले होते. सकाळी शून्याच्या वर असलेला पारा संध्याकाळपर्यंत शून्याखाली दहा अंशांच्याही खाली घसरला. बफेलोच्या विमानतळावर ही आंधळी स्थिती सलग ३७ तास नोंदली गेली आहे. वादळाच्या त्या पाच दिवसांत तिथे ५१.९ इंच बर्फ पडला.

दुपारी जावयांचा फोन आला. "आई, मला निघता येणार नाही. बदलीचे कोणी येऊच शकत नाही. तुम्ही दोघींनी बाहेर पाऊल टाकू नका." मी "बरं" म्हटले. लेकीने फोन ठेवला आणि बाळाला छातीशी धरून गप्प बसली. बाळ होते सहा आठवड्यांचे.

रात्री नवाच्या सुमारास वीज गेली.

एका खोलीत

तिथली घरे गरम ठेवणारी भट्टी तळघरात असते. ती गॅसवर चालते, पण गरम हवा वर ढकलणारा पंखा मात्र विजेवर. वीज गेली की गॅस असून भट्टी बंद. अर्ध्या तासात भिंती गार पडू लागल्या. पहाटेपर्यंत खिडकीच्या आतल्या बाजूला बर्फाची साय धरली.

मावशी हातात टॉर्च, काखेत ब्लँकेटे आणि डब्यातल्या शेंगांचे चार डबे घेऊन जिन्याने वर आली. आली ती हुकूम सोडतच. सगळ्यांनी एकाच खोलीत बसायचे. दाराखालच्या फटीत टॉवेल कोंबायचे. नळ बारीक धारेने चालू ठेवायचे, म्हणजे नळीतले पाणी गोठून ती फुटत नाही. गॅसची शेगडी काडीने पेटवून चहा, जेवण करायचे, पण खोली तापवण्यासाठी ती पेटती ठेवून बसायचे नाही. "तो वायू दिसत नाही, वास येत नाही, माणूस झोपेतच जातो," ती म्हणाली. मी मुंबईची, मला हे कुठले ठाऊक? तिने सांगितले नसते तर बाळाला ऊब मिळावी म्हणून मी तेच केले असते. हे आठवले की अजून अंगावर काटा येतो.

आम्ही पाणी उकळून बाटल्यांत भरले, बाटल्या मोज्यांत घातल्या आणि गादीत ठेवल्या. लेकीने बाळाला अंगाशी घेतले. दोघांवर मी ती गोधडी घातली. लुगड्यांचे सात पदर! मावशीने तिच्यावरून हात फिरवला, टाके निरखून पाहिले आणि म्हणाली, "माझी आजीदेखील जुन्या कपड्यांची अशीच शिवायची. ती दक्षिणेत कापसाच्या शेतात राबायची." एवढेच बोलली. मला पुढे विचारावेसे वाटले नाही, कळायचे ते कळले.

शनिवारी मावशीच्या जिवाला वेगळाच घोर लागला. तिचा ऐंशीचा भाऊ चार गल्ल्या पलीकडे एकटाच राहत होता. लॅकवानाच्या कारखान्यात जन्म घालवलेला कामगार. सकाळी त्याचा फोन लागला होता, वीज गेली आहे म्हणाला. दुपारनंतर फोन लागेना. तिने मदतीच्या क्रमांकावर फोन केला. कितीतरी वेळाने तो उचलला गेला, पत्ता लिहून घेतला, आणि सांगण्यात आले की गाड्याच बर्फात अडकल्या आहेत, केव्हा येतील ते सांगता येत नाही. तशी परिस्थिती साऱ्या शहरात होती. रुग्णवाहिका, अग्निशमन दलाचे बंब, बर्फ लोटणाऱ्या गाड्यासुद्धा रुतून बसल्या होत्या. चार गल्ल्या! हाकेच्या टप्प्यापेक्षा थोडे पुढे. पण त्या आंधळ्या वाऱ्यात दहा पावलांवरची माणसे वाट चुकून दगावली. मावशी रात्रभर खिडकीशी बसली. मी तिचा हात धरून बसले. आम्हां दोघींनाही बोलायला शब्द नव्हते, एकीला भाषा नव्हती म्हणून आणि दुसरीला धीर नव्हता म्हणून.

रविवारी नाताळ. वारा जरा पडला, समोरचे घर दिसू लागले. आमचे खालचे दार बर्फाने पुरते बुजले होते. तो समोरचा तरुण आणि त्याचा भाऊ फावडी घेऊन आले, दार मोकळे केले आणि विचारले, "आंटी, बच्चा ठीक है?" लेकीने त्यांना मावशीच्या भावाची गोष्ट सांगितली. दोघांनी एकमेकांकडे पाहिले. लहान मुलांची प्लास्टिकची घसरगाडी घेतली, दोरी घेतली आणि निघाले. कमरेइतक्या बर्फातून चार गल्ल्या जायला आणि यायला त्यांना तीन तास लागले. येताना घसरगाडीवर चादरीत गुंडाळलेला म्हातारा होता.

तो जिवंत होता. अंगात तीन कोट, पण पाय काळेनिळे. मावशीने त्याच्या पायांना कोमट पाण्याशिवाय काही लावू दिले नाही, चोळूही दिले नाही. मी मुगाची खिचडी टाकली. म्हातारा दोन वाट्या जेवला आणि त्याला बोलण्याची हुशारी आली.

१९७७ ची आठवण

म्हाताऱ्याने मग १९७७ च्या वादळाची गोष्ट सांगितली. ती साऱ्या बफेलोला पाठ आहे. त्या वर्षी थंडी इतकी होती की सरोवर डिसेंबरच्या मध्यालाच गोठले होते. सरोवर गोठले की बर्फ थांबतो, हे मी वर लिहिलेच आहे. पण गोठलेल्या सरोवरावर पडलेला भुसभुशीत बर्फ तसाच साचून राहिला. २८ जानेवारी १९७७ ला वारा सुटला आणि त्याने तो शेकडो कोसांचा बर्फ उचलून शहरावर आणून टाकला. आकाशातून पडला फूटभर, पण ढीग मात्र घरांच्या छपरांपर्यंत. त्यात २९ माणसे मेली. म्हातारा तेव्हा दोन दिवस कारखान्यातच अडकला होता. "भट्टीपाशी ऊब होती," तो म्हणाला, "म्हणून वाचलो. या वेळी भट्टी नव्हती, पण तुमची खिचडी होती."

रविवारी रात्री उशिरा वीज आली. तळघरातून भट्टीचा गुरगुराट ऐकू आला तेव्हा आम्ही सगळे मुकाट्याने ऐकत राहिलो. मग मावशी आपल्या भाषेतले नाताळचे गाणे हळू आवाजात म्हणू लागली आणि मी बाळाला आपला भीमपाळणा म्हटला. जावई सोमवारी चालत घरी आले. चौथ्या दिवशी त्यांनी मुलाला पाहिले. म्हाताऱ्याच्या पायाची दोन बोटे पुढे काढावी लागली, पण पाय वाचला.

वाट कोणाची आधी मोकळी झाली?

वाचकहो, इथवरची गोष्ट आपत्तीची. आता जी सांगते ती माणसांची.

आमच्या गल्लीत बर्फ लोटणारी गाडी आली तेव्हा बुधवार उजाडला होता. मोठे रस्ते, रुग्णालयाचे रस्ते आधी मोकळे करायचे हे रास्तच. अरुंद गल्ल्यांत अडकलेल्या मोटारी होत्या, हेही खरे. पण सवड काढून जावई आणि मी शेजारच्या भागांतून चालत गेलो तेव्हा दिसले की काही ठिकाणी पायवाटांवरदेखील मीठ पडले होते आणि काही ठिकाणी माणसे दुधासाठी बर्फातून रांगत होती. मेन स्ट्रीटच्या पूर्वेला ज्यांच्याकडे मोटार नाही अशी घरे पुष्कळ. किराण्याची मोठी दुकाने मोजकीच. जेफरसन अव्हेन्यूवरचे जे एक मोठे दुकान त्या वस्तीने वर्षानुवर्षे मागणी करून २००३ साली मिळवले, त्याच दुकानात १४ मे २०२२ रोजी एका गोऱ्या तरुणाने वंशद्वेषाने गोळीबार करून दहा काळ्या माणसांचे बळी घेतले होते. ते दुःख सात महिन्यांचे होते न होते तोच हे वादळ आले.

त्या वादळात एरी जिल्ह्यात चाळीसहून अधिक माणसे मेली. कोणी मोटारीत, कोणी रस्त्यावर, कोणी वीज गेलेल्या घरात, कोणी रुग्णवाहिका वेळेवर न आल्याने, तर कोणी बर्फ उपसताना हृदय बंद पडून. बफेलो शहरापुरते पाहिले तर मृतांत निम्म्याहून अधिक काळे होते. शहराच्या लोकसंख्येत मात्र ते सुमारे एक तृतीयांश आहेत. पुढे नगरपालिकेच्याच सांगण्यावरून न्यूयॉर्क विद्यापीठाने चौकशी केली. २०२३ मध्ये तिचा अहवाल आला, त्यातही गरीब आणि काळ्या वस्त्यांना अधिक झळ पोचल्याचे नमूद झाले. बर्फ जातपात पाहत नाही, रंग पाहत नाही. त्याने सगळ्यांना सारखेच गाठले. पण कोणाचे घर जुने, कोणाच्या घरात साठवण नाही, कोणाला सुट्टी घेता येत नाही आणि कोणाच्या दारात मदत उशिरा येते, हे बर्फाने ठरवलेले नव्हते. ते माणसांनी फार आधी ठरवून ठेवले होते.

२६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हाही आपण हेच पाहिले. पाणी साऱ्या मुंबईत शिरले, पण संसार वाहून गेले ते नाल्याकाठच्या वस्त्यांतले. आमचे हे त्या वेळी महापालिकेच्या कचरा खात्यात होते. कामावर गेलेले चौथ्या दिवशी घरी आले, ते पाय पाण्याने पांढरे फटक पडलेले. शहर पुन्हा उभे राहिल्याची छायाचित्रे वर्तमानपत्रांत आली, त्यांत हे कुठेच नव्हते.

म्हणून बुधवारी ती बर्फ लोटणारी गाडी आमच्या दारापुढे थांबली तेव्हा मी चहाचा पेला घेऊन खाली गेले. चालक काळाच होता, डोळे तांबारलेले. किती दिवस घरी गेला नाहीस, असे लेकीने विचारले तर त्याने पाच बोटे दाखवली. चहा एका दमात प्यायला. आले-वेलदोड्याचा चहा त्याने आयुष्यात प्रथमच घेतला असावा. पेला परत देताना हात छातीला लावून मान लववली. मला आमच्या ह्यांची आठवण झाली आणि मी पटकन वर आले.

मिशिगन रस्त्यावरचे चर्च

जानेवारी नवलाने ऊबदार गेला. तरी त्या हिवाळ्यात विमानतळावर एकूण सुमारे १३३ इंच बर्फ नोंदला गेला, म्हणजे अकरा फूट. मार्चमध्ये मावशीने मला मिशिगन रस्त्यावरचे एक जुने, विटांचे चर्च दाखवले. गुलामगिरीच्या काळात दक्षिणेतून पळून आलेली माणसे तिथे लपत आणि रात्री नायगारा नदी ओलांडून कॅनडात जात. नदीच्या पलीकडे स्वातंत्र्य होते. त्या चर्चच्या शेजारीच मेरी टॅल्बर्ट या कार्यकर्त्या बाईंचे घर होते. डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जुलै १९०५ मध्ये नदीपलीकडच्या फोर्ट एरी गावी जमून समान हक्कांसाठी जी चळवळ सुरू केली, तिला 'नायगारा चळवळ' म्हणतात.

डुबॉइस हे नाव ऐकून मी थबकले. १९४६ साली बाबासाहेबांनी ज्यांना पत्र लिहून काळ्या लोकांच्या प्रश्नाची आणि आपल्या प्रश्नाची सारखीच जात सांगितली होती, तेच हे डुबॉइस. हे मी लेकीकरवी मावशीला सांगितले. तिने ते दोनदा सांगायला लावले. मग म्हणाली, "म्हणजे आपली ओळख तुझ्या-माझ्या आधीची आहे."

एप्रिलमध्ये मी परत निघाले. रस्त्याकडेचे बर्फाचे ढीग वितळून काळे पडले होते, त्यांतून हरवलेले हातमोजे आणि मोडकी फावडी वर येत होती. सरोवर निळे झाले होते. गोधडी बाळासाठी तिथेच ठेवली. बाळ मोठे झाले की ती खालच्या मावशीला द्यायची, असे लेकीला बजावून आले. पण त्या आधीच मावशीने तीच पद्धत उचलली होती. निघायच्या दिवशी तिने माझ्या हातात एक चौकोनी तुकडा ठेवला. तिच्या रुग्णालयातल्या जुन्या गणवेशाचा निळा आणि भावाच्या कारखान्यातल्या सदऱ्याचा करडा, असे दोन रंग एकत्र शिवलेले. टाके जरा वाकडे होते.

तो तुकडा मी माझ्या नव्या गोधडीच्या मधोमध लावला आहे. वसाहतीतल्या बायका विचारतात, हा रंग वेगळा कसा? त्यांना सांगते, हा एरी सरोवराकाठचा. मग कोणीतरी चहा टाकते आणि मी पहिल्यापासून सुरुवात करते.